मंगलसुत्त आणि मंगळसूत्र

स्मरणिकेचा हा अंक धम्मबांधव आणि भगिनींच्या हाती देताना ह्या वर्षी संपादकीयासाठी विषय शोधावा लागला नाही. विषय आपणहून आला होता. तो सभागृहाच्या दाराशी उभा होता आणि आम्हांला उशिरा दिसला, एवढेच.

गेल्या उन्हाळ्यात येथे अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आपल्याच एका सभासद-कुटुंबातील कन्येचा विवाह संपन्न झाला. आदल्या सायंकाळी भाड्याने घेतलेल्या सभागृहात हळदीचा समारंभ होता. तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण झाले, त्रिशरण-पंचशील झाले, लहान मुलामुलींनी मंगलसुत्ताचे पठण केले. येथेच जन्मलेल्या त्या मुलांचे स्वच्छ पाली उच्चार ऐकून आम्ही मनोमन सुखावलो. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की, पाच सुवासिनींनी हळद लावण्यासाठी पुढे यावे. पाच जणी पुढे आल्या. वधूची आई मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी राहिली. पतिनिधनानंतर परक्या मुलखात, परक्या भाषेत, एकटीने दोन मुली वाढविणारी ही माउली. तिला कोणीही 'मागे राहा' असे म्हटले नव्हते. एका मैत्रिणीने हात धरून पुढे ओढले, तेव्हा 'मी नको' एवढेच बोलून तिने हात सोडवून घेतला. वाटीतील हळद तिनेच कालविलेली होती.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. हा प्रकार आमच्या ध्यानात आला तो रात्री घरी परतताना, गाडीत, आणि तोही घरच्या मंडळींनी दाखवून दिला तेव्हा. ज्या मंगलसुत्ताच्या पठणाने आम्ही सुखावलो होतो, त्याच सुत्तात मातापित्यांची सेवा हे मंगल म्हणून सांगितले आहे. ते ऐकून अर्धा तास उलटण्यापूर्वी एका मातेने आपल्याच लेकीच्या अंगाला हात लावणे अमंगल मानावे आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांसह आम्ही सारे टाळ्या वाजवीत राहावे, ह्या विसंगतीविषयी लिहिणे आम्हांस भाग आहे.

लग्नाच्या दिवशी वधूला शुभ लाभावे, तिच्या वाट्याला काही वाईट येऊ नये, ही इच्छा मानवजातीइतकीच जुनी आहे आणि तिच्याविषयी आमच्या मनात उपहास नाही. वधूच्या अंगावर एक जुनी, एक नवी, एक उसनी आणि एक निळी वस्तू असावी, असा इंग्रजांत संकेत आहे. आपल्या डच शेजाऱ्यांकडे लग्नात साखरेत घोळलेले बदाम वाटतात आणि 'वधूचे अश्रू' ह्या अर्थाच्या नावाचे मसालेदार मद्य पाहुण्यांना देतात. विवाहाच्या दिवशी पाऊस पडणे हे भाग्याचे लक्षण, असेही येथे मानतात. ज्या देशात पावसाला कोणताच दिवस वर्ज्य नाही, त्या देशाने अशी समजूत बाळगणे हे शहाणपणाचेच म्हणावे लागेल! विवाहापूर्वी वराने वधूला तिच्या विवाहवस्त्रांत पाहू नये हा इकडचा नियम आणि आपल्याकडील अंतरपाट ही तर सख्खी भावंडे शोभतात.

परंतु आपल्याकडील सौभाग्यचिन्हांची गोष्ट येथेच वेगळी होते. उसनी वस्तू किंवा निळी फीत विसरली तरी त्या वधूला पुढे आयुष्यभर कोणी नावे ठेवीत नाही. हिरवा चुडा, हळदकुंकू, जोडवी, काळे मणी आणि त्यांतील दोन वाट्या ह्यांचे तसे नाही. ही चिन्हे विवाहाच्या दिवशी अंगावर चढतात ती पतीच्या हयातीपुरती. पती गेला की त्याच हातांतील बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचे, गळ्यातील पोत तोडायची. दिलेले परत घेण्याची अट ज्या दानात आहे, ते दान नव्हे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ह्या विधवा-प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने अन्य ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. एका खेड्यातील शेतकऱ्यांच्या ग्रामसभेला जे दिसले, ते विमानाने सात समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या उच्चशिक्षित मंडळींना सभागृहात पहिल्या रांगेत बसूनही दिसू नये?

शब्दांकडेही पाहावे. 'सौभाग्य' ह्या सुंदर शब्दाचा अर्थ मराठीत आकसून केवळ 'नवरा जिवंत असणे' एवढाच उरला आहे. लग्नपत्रिकेत वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' छापतात. सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे जिची आकांक्षा एवढीच की आपल्या आधी पतीने जाऊ नये. पर्यायाने आपणच आधी जावे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या नावामागे विवाहाच्या दिवशी ही आकांक्षा कोणी आणि का चिकटविली, ह्याचा विचार आपण करतो काय? धम्मक्रांतीनंतर आपल्या समाजाने 'आयुष्मान' आणि 'आयुष्मती' ही संबोधने स्वीकारली. आयुष्मती म्हणजे जिला स्वतःचे दीर्घ आयुष्य लाभो ती. आपल्या मागील पिढीने केवढा मोठा पालट दोन अक्षरे न वाढविता घडवून आणला होता! दुःख असे की, ह्या वर्षी आमच्याकडे आलेल्या आपल्याच कुटुंबांच्या पत्रिकांपैकी काहींवर वरच्या बाजूस बुद्धप्रतिमा आहे आणि खाली वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' आहे. विचारले असता उत्तर मिळाले की, छापखान्याच्या नमुन्यात तसेच होते.

मंगल कशात आहे, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. सुत्तनिपात आणि खुद्दकपाठ ह्या दोन्ही ग्रंथांत आलेले मंगलसुत्त हे त्या प्रश्नाचेच उत्तर होय. श्रावस्तीच्या जेतवनात रात्रीच्या प्रहरी एक देवता येऊन तथागतांना विचारते की, देव आणि मानव मंगलाची इच्छा करतात, तर श्रेष्ठ मंगल कोणते ते सांगावे. अट्ठकथेत ह्याची पार्श्वभूमी मोठी रंजक दिली आहे. त्या काळी जंबुद्वीपात लोक हिरिरीने वाद घालीत. कोणी म्हणत, सकाळी उठून अमुक पक्षी, भरलेला घट किंवा नटविलेले बालक दृष्टीस पडणे हे मंगल. कोणी म्हणत, शुभ शब्द कानी पडणे हे मंगल. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे, सुगंध आणि स्पर्श ह्यांत मंगल आहे. तथागतांनी ह्या तिन्ही पक्षांपैकी एकालाही उचलून धरले नाही. त्यांनी अडतीस मंगले सांगितली, आणि त्यांत पाहण्याची, ऐकण्याची किंवा अंगावर बांधण्याची वस्तू एकही नाही. मूर्खांची संगत टाळणे, विद्या आणि शिल्प संपादणे, सुभाषित वाणी, मातापित्यांची सेवा, मुलाबाळांचा व पत्नीचा सांभाळ, निर्दोष कर्म, मद्यपानापासून दूर राहणे, कृतज्ञता, क्षमा, अशी ती यादी चढत जाते. ही सारी आचरणाची मंगले आहेत. त्यांतील एकही विधवेकडून हिरावून घेता येत नाही, आणि एकही केवळ सधवेलाच मिळते असे नाही.

'सुत्त' आणि 'सूत्र' हे मुळात एकच शब्द. परंतु एक मंगल कंठाने म्हणावयाचे आहे आणि दुसरे कंठाभोवती बांधावयाचे आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ह्यांपैकी कोणते दिले, ह्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेला सात आठवडे झाले होते. ४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या दोन दिवस आधी, त्यांनी एका कार्यकर्त्यास पत्र लिहून बौद्ध विवाहविधी कळविला. त्या पत्रात होम नाही, सप्तपदी नाही. वधू आणि वर ह्यांच्यामध्ये चौरंगावर मातीचा नवा घट ठेवून तो काठोकाठ पाण्याने भरावा, घटात सुती धागा सोडून त्याचे एक टोक वधूने व दुसरे वराने हाती धरावे, कोणीतरी मंगलसुत्त गावे आणि दोघांची वस्त्रे शुभ्र असावीत, एवढाच तो विधी. प्रकृती पूर्णपणे खालावलेली असताना, समोर कामांचा डोंगर असताना, त्या महामानवाला आपल्या समाजातील नववधू कशी उभी राहील ह्याचा विचार करावासा वाटला. त्या विधीत धागा आहे, हे आम्ही मुद्दाम ध्यानात आणून देतो. मात्र तो कोणाच्या गळ्यात नाही. दोघांच्या हातांत आहे, आणि दोघांपैकी कोणालाही तो सोडता येतो, हे जाणूनच दोघांनी तो धरावयाचा आहे.

चिन्हांविषयी बाबासाहेब किती सावध होते हे त्याआधीही दिसले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला आलेल्या भगिनींसमोर बोलताना त्यांनी गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या वा चांदीच्या गोठपाटल्या घालणे सोडा, असे सांगितले. कारण त्या अलंकारांवरून अस्पृश्यता ओळखू येत होती. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि लुगडे नेसण्याची पद्धत एका रात्रीत बदलली. अंगावरील वस्तू जेव्हा कमीपणाची खूण ठरते तेव्हा ती उतरवून ठेवावी, हा धडा त्यांनी कोणत्याही पदवीवाचून आत्मसात केला होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे आणि त्याची दासी होण्यास नकार द्यावा. त्याच्याही मागे जावयाचे तर महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे पुरोहिताशिवाय पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लावला होता. वधूवरांनी एकमेकांना समतेची वचने द्यावीत, ही कल्पना आपल्याला ज्योतिषाने नव्हे, तर ह्या परंपरेने दिली आहे.

शुभ्र वस्त्रांचीही एक कथा आहे. महाराष्ट्रात पांढरे लुगडे म्हणजे वैधव्य. म्हणून पहिल्या पिढीतील अनेक आज्यांना नात पांढऱ्या साडीत बोहल्यावर उभी राहणे जड गेले. येथे वाढलेल्या मुलींना मात्र पांढरा विवाहवेश युरोपीय वाटतो. वास्तविक युरोपातही तो सर्रास रूढ नव्हता. राणी व्हिक्टोरियाने १८४० साली स्वतःच्या विवाहात तो परिधान केल्यानंतर त्याचा प्रसार वाढला. बाबासाहेबांनी शुभ्र वस्त्र निवडले आणि जो रंग विधवेच्या माथी मारला होता तोच वधूला देऊन टाकला. आता सधवा आणि विधवा एकाच रंगात उभ्या राहू शकतात. ह्याहून मोठे सौभाग्यचिन्ह आम्हांला सुचत नाही.

मुहूर्ताविषयी थोडे. येथील कायद्याप्रमाणे विवाह होतो तो नगरपालिकेच्या निबंधकासमोर. धार्मिक विधी त्यानंतरच करता येतो. साक्षीदार किमान दोन आणि जास्तीत जास्त चार. अल्प उत्पन्नाच्या लोकांची अडचण होऊ नये म्हणून ठरावीक वेळी विनामूल्य विवाह लावून देण्याचे बंधनही नगरपालिकांवर आहे. लग्नासाठी कर्ज काढणारी आपली मंडळी ह्या एका तरतुदीवरून पुष्कळ शिकू शकतील. नगरपालिकेने सव्वादहाची वेळ दिली की आपण सारे दहाला हजर असतो. तेव्हा राहुकाळ कोणी विचारीत नाही. आणि तरीही सभागृहातील समारंभासाठी पुण्याच्या ज्योतिषाला दूरध्वनी जातोच. शाळांना सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये, नातलगांना येण्याची सवड तेव्हाच, आणि नेमका तोच काळ पंचांगाच्या दृष्टीने विवाहास वर्ज्य. ही अडचण ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांची नव्हेच, परंतु आपण ती हौसेने उसनी आणली आहे. अशा मंडळींनी जातकातील नक्खत्त-जातक अवश्य वाचावे. वाराणसीच्या एका नगरवासी कुटुंबाने खेड्यातील मुलगी आपल्या मुलासाठी मागितली, दिवसही ठरविला, आणि नंतर आपल्या परिचयातील आजीवकाला ग्रहनक्षत्रे विचारली. आधी विचारले नाही म्हणून रुष्ट झालेल्या त्या साधूने दिवस अशुभ असल्याचे सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातील लोकांनी तयारी वाया जाऊ नये म्हणून त्याच दिवशी मुलगी दुसऱ्या वराला दिली. दुसऱ्या दिवशी शहरातील मंडळी 'शुभ' घटिका साधून पोहोचली, ती भांडण्यापुरतीच! स्वतः बाबासाहेबांचा दुसरा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्ली येथे डॉ. शारदा कबीर, म्हणजेच पुढील काळातील माईसाहेब, यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच झाला, हेही स्मरणात असावे.

आम्ही व्यवसायाने वैद्यक आहोत, म्हणून एक गोष्ट त्या नात्याने सांगतो. पतीच्या आयुष्याचा काळ्या मण्यांशी संबंध असल्याचे आमच्या पाहण्यात आलेले नाही; रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि मद्य ह्यांच्याशी असलेला संबंध मात्र रोज दिसतो. पत्रिका जुळविण्याची खरोखरच हौस असेल तर रक्ताची जुळवावी. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलच्या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, त्यामुळे तपासणीवाचून तिला ते कळतही नाही. वधू आणि वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नेदरलँड्समध्ये २००७ पासून नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात सिकलसेलची तपासणी होते. पण ती बालक जन्मल्यानंतर. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड देण्याची योजना आहे, जेणेकरून विवाह ठरविताना दोन कार्डे शेजारी ठेवून पाहता यावीत. येथे आपल्या कुटुंबवैद्याला सांगितले की ही तपासणी करून मिळते. ह्याचा अर्थ विवाह मोडावा असा मुळीच नाही. दोघांनी आधी जाणून घ्यावे आणि आपला निर्णय आपण करावा, एवढाच. आणि तपासणी दोघांची व्हावी. केवळ मुलीची तपासणी मागणाऱ्या घरात मुलगी न देणे हेच तिचे भाग्य.

आमच्या ह्या विचारांवर संघाच्या बैठकीत काही तरुण भगिनींनी जोरदार आक्षेप घेतला, आणि तो येथे नोंदविणे हा आमचा धर्म आहे. त्यांचे म्हणणे असे की, धम्म पाळण्याची सारी जबाबदारी वधूच्या गळ्यावर आणि कपाळावरच का? वर सुटाबुटात येतो, हाताला गंडा बांधतो, गाडीला लिंबू-मिरची लावतो, त्याला कोणी विचारीत नाही. आणि वधूने हौसेने मंगळसूत्र घातले की तिच्यावर संपादकीय लिहिले जाते. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. अलंकाराला धम्माचा विरोध नाही; सिगालोवाद सुत्तात पतीच्या पाच कर्तव्यांत पत्नीला अलंकार देणे हेही एक सांगितले आहे. ज्यांच्या आईने काबाडकष्ट करून चार मणी ओवले, त्यांना त्या मण्यांचा मोह वाटणे स्वाभाविक आहे. कोणाच्या गळ्यात काय आहे, हे पाहत फिरणारे धम्मरक्षक आम्हांला नकोत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. श्रीलंकेत बौद्ध विवाहात वधूवरांच्या करंगळ्या सुताने बांधून त्यांवर पाणी ओततात आणि 'नेकत' म्हणजे शुभ वेळही कटाक्षाने पाळतात. थायलंडमध्ये दोघांच्या मस्तकांवर एकाच सुताने जोडलेली वलये ठेवून हातांवर शंखातून पाणी घालतात. मग आपला घट आणि धागा तरी शकुनच नव्हे काय? शिवाय अट्ठकथेतील त्या वादात भरलेल्या घटाचाही समावेश आहेच! बाबासाहेबांच्या पत्रात घटाचे स्पष्टीकरण नाही, आणि आम्ही ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. आमच्यापुरता आम्ही भेद असा करतो की, त्या घटाजवळ येण्यास कोणालाही मज्जाव नाही. विधवा तो भरू शकते, परित्यक्ता धागा सोडू शकते, अविवाहित बहीण सुत्त गाऊ शकते. हळदीच्या वाटीचे तसे नव्हते. हळद लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. ती लावताना 'सुवासिनींनी पुढे यावे' हे तीन शब्द आपल्या संघाच्या कोणत्याही समारंभात यापुढे ध्वनिक्षेपकावरून उच्चारले जाणार नाहीत, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला आहे.

ह्या कुटुंबातील धाकट्या कन्येचा विवाह येत्या मे महिन्यात ठरला आहे. पत्रिका आमच्या समोर आहे. तीवर वधू 'आयुष्मती' आहे आणि निमंत्रक म्हणून आईचे नाव एकटेच, पहिल्या ओळीत आहे. विधी पत्रात सांगितल्याप्रमाणे करावयाचा असल्याने मातीच्या नव्या घटाचा शोध सुरू झाला. हॉलंडमध्ये मातीची भांडी मिळतात ती फुलझाडांच्या बाजारात, आणि ह्या फुलवेड्या देशात प्रत्येक मातीच्या भांड्याच्या बुडाला पाणी निथळण्यासाठी छिद्र असते. काठोकाठ भरावयाचा घट आणि त्याला छिद्र! अखेर एका सभासदाने बुचाचा तुकडा आणि मेणबत्तीचे मेण वापरून ते बुजविले. घट रात्रभर भरून ठेवून पाहिला. सकाळी चौरंग कोरडा होता. घट भरण्याचे काम आईने स्वतः मागून घेतले आहे. विवाहानंतर तो चिटणिसांकडे राहील. ज्या कुटुंबांना हवा असेल त्यांनी पंधरा दिवस आधी कळवावे. धागा मात्र ज्याने त्याने आपला आणावा.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक
अ‍ॅमस्टेलव्हीन